त्याआधी काय खाल्लं होतं?

त्वचारोग ओपीडीबाहेरच्या रांगेत जवळजवळ प्रत्येक पुरुषानं केसपेपरला घडी घातली आहे. नाव दिसेल, विभाग दिसणार नाही, अशी घडी. माझ्या आतेभावानं तर चार घड्या करून तो शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीमागं सारलाय.

"दादा, वळखीचं कुणी भेटलं तर हाताचं दाखवायला आलोय म्हण," तो खालच्या आवाजात सांगतो आणि उजवा हात पुढं करतो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रुपयाएवढा काळपट डाग आहे. "हे बघ, हाय की. मशीनच्या सायलेन्सरला भाजल्यालं."

मशीन म्हणजे मळणीयंत्र. ऑक्टोबर चालू आहे, सोयाबीनची काढणी ऐन भरात आहे. त्याचं यंत्र लोह्याकडच्या एका शिवारात उभं आहे आणि भागीदार एकटाच ते चालवतोय. अशा दिवसांत मळणीवाला परभणीला येऊन सरकारी दवाखान्यात रांग धरतो, म्हणजे दुखणं त्याच्या सोसण्यापलीकडं गेलेलं असतं.

आम्ही गंगाखेडहून सकाळच्या गाडीनं आलोय. पोखर्णी नृसिंह गेलं, परभणी जवळ आली, तशी रुळालगतच्या भिंतींवरची चुन्यात रंगवलेली अक्षरं वाढत गेली: गुप्तरोग, कमजोरी, पांढरे डाग, खात्रीशीर इलाज, आणि खाली मोबाइल नंबर. तो खिडकीतून ती सगळी वाचत होता. लैंगिक आजार, नपुंसकता, कोड बरं करून देतो अशा जाहिरातींना १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्यानं मनाई आहे. भिंतींना ते माहीत नाही. आणि असल्याच एका नंबरवर फोन करून त्यानं पुड्या आणून खाल्ल्यात, हे मला आत्ता रांगेत कळतंय.

दुखणं असं. लघवीच्या जागी एक डाग. कधीतरी उठतो, आग होते, वर पाण्याचा फोड येतो, आठवडाभरात बसतो. बसल्यावर मागं काळा डाग राहतो. पुन्हा काही महिन्यांनी उठतो, तिथंच. दर वेळी थोडा मोठा होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो घरी असताना उठत नाही. मशीन घेऊन बाहेर जिल्ह्यात गेला की उठतो. ज्वारीला उठला, हरभऱ्याला उठला, आता सोयाबीनला उठला. ही गोष्ट त्याच्या आधी त्याच्या बायकोच्या ध्यानात आली आहे. ती भांडली नाही. तिनं फक्त मुलांना मधे घेऊन झोपायला सुरुवात केली.

"मी तिला काय सांगू? मलाच कळंना गेलंय," तो म्हणतो. "बाहेर गेलं की उठतंय हे तर खरंच हाय."

गावात त्यानं मेडिकलवाल्याला विचारलं, त्यानं ट्यूब दिली. ट्यूब संपली, दुसरी दिली. मग एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मग पुड्या. त्या रिकाम्या ट्यूब त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत सोबत आणल्यात, कारण निघताना मी फोनवर तसं सांगितलं होतं.

"बघून काय म्हणाले पण?" मी विचारतो.

"बघितलं कुठं?" तो माझ्याकडं असा बघतो की मीच काहीतरी विचित्र विचारलंय. "दादा, आजपत्तूर कुणी चड्डी खाली कर म्हणलंच नाई."

रांग दोन पावलं पुढं सरकते. आमच्या पुढं कॉलेजच्या वयाचा मुलगा आहे, सारखा पायांवर भार बदलत उभा आहे. जांघेतलं गजकर्ण मांडीपर्यंत उतरलंय हे त्याच्या चालीवरून कळतं. एक बाई कडेवरच्या पोराचे हात धरून ठेवते, सोडले की ते बोटांच्या बेचक्यात खाजवत सुटतं. खरूज कडेवरच्या पोराला असली तर ती बहुधा घरातल्या सगळ्यांना असते, आणि पुरुषांना तिच्या बारीक गाठी बऱ्याचदा नको तिथं येतात. त्या घरातला बापही कुठंतरी गुपचूप एखादं मलम चोळत असणार.

परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झालं. त्याआधी मोठ्या कॉलेजच्या तपासणीसाठी नांदेड, अंबाजोगाई, नाहीतर औरंगाबाद. जुन्या दुखण्यासाठी माणूस तेवढं लांब जातो. लाजेच्या दुखण्यासाठी नाही जात, तो मेडिकलच्या काउंटरवर कोपऱ्यातलं गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत उभा राहतो. लोकांना विचारायचं नसतं असं मात्र मुळीच नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा वाचक त्यांना आपले खासगी प्रश्न लिहून पाठवू लागले आणि ते सरळ उत्तरं देऊ लागले. त्या उत्तरांवरून खटला झाला, १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, आणि ते खटला हरले. विचारणारा तेव्हाही होता, आज या रांगेतही आहे.

नंबर येतो.

खोलीत दोन टेबलं, एक पलंग, हिरवा पडदा. मोठ्या मॅडम खिडकीजवळ बसल्यात, शेजारी एक तरुण डॉक्टर लिहून घेतोय. मॅडमना बघून आतेभाऊ दारातच थबकतो. मग पुढं होतो आणि सरळ हात टेबलावर ठेवतो.

"काय त्रास आहे, दादा?"

"हे हाताचं."

मॅडम हाताकडं बघतात, मग पिशवीतून डोकावणाऱ्या ट्यूबांकडं, मग त्याच्याकडं.

"हाताचं बघते. आणखी कुठं आहे?"

तो माझ्याकडं बघतो. मी उठायला लागतो, तर तो माझी बाही धरतो. "थांब दादा." आणि मग जमिनीकडं बघत, एका दमात: "खाली हाय, मॅडम. लघवीच्या जागी."

"बरं झालं सांगितलंत. ते बघावं लागेल. मी बघितलं तर चालेल? नसेल चालत तर हे डॉक्टर बघतील, मी बाहेर थांबते."

तो क्षणभर विचार करतो. "तुमीच बघा. मोठ्या डॉक्टर तुमी हाव ना."

पलंग खिडकीच्या उजेडात ओढला जातो, पडदा सरकतो. मी पडद्याच्या अलीकडं. पलीकडून मॅडमचा आवाज येत राहतो, बाजारात भाजीचा भाव विचारावा इतका सरळ. कातडी मागं घ्या, तुम्हीच घ्या, सावकाश. दुखतं की आग होते? आग, परवापासून. फोड आला होता? काल हुता, फुटला. लघवीला जळजळ? नाई. पू, पाणी? नाई. जांघेत गाठ लागते का बघते. रात्री खाज सुटते? घरात आणखी कुणाला खाज? शुगर कधी तपासली?

प्रत्येक प्रश्नामागं एकेक आजार उभा आहे आणि उत्तर आलं की तो बाजूला होतो. रात्रीची खाज आणि घरभर खाज असती तर खरूज. बारीक फोडांचा घोस असता तर नागीणीच्या कुळातला विषाणू. न दुखणारी, बुडाशी कडक लागणारी एकच जखम आणि जांघेत गाठ, तर गरमी, म्हणजे सिफिलिस. पुढच्या कातडीला चिरा पडून पांढरा थर, तर बुरशी, आणि मग शुगर बघायचीच. काही जणांना तर काहीच झालेलं नसतं. मुंडाच्या कडेनं वयात आल्यावर आपोआप येणारे मोत्यासारखे बारीक दाणे त्यांना अचानक एके दिवशी दिसतात आणि झोप उडते. हे सगळं वेगळं ओळखायला लागतो तो उजेड आणि बघणारा डोळा. पहिल्या अंदाजाला कुठलंही मशीन लागत नाही.

"इकडे बघ," मॅडम तरुण डॉक्टरला सांगतात. "एकच चट्टा. गोल. मधे जांभळट, कड लाल, आणि खाली जुना काळा डाग. भिंग घे."

पडदा सरकतो. आतेभाऊ शर्ट खोचत बाहेर येतो, कपाळावर घाम. त्याला वाटतंय झालं. पण मॅडम हात धुऊन पुन्हा त्याच्यासमोर उभ्या राहतात. तोंड उघडा. जीभ वर. ओठ खाली ओढतात. नखं बघतात, कोपरं, तळपाय. शेवटी तोच उजवा हात घेतात आणि बेचक्यावर भिंग धरतात. बराच वेळ.

"हे भाजलंय म्हणालात."

"हाव. सायलेन्सरला."

"भाजलं तेव्हाचं आठवतं?"

"आठवतं म्हंजे..." तो थांबतो. "सकाळी उठलो तर हुतं. म्हणलं राती भाजलं असंल."

"मग आत्ता याची कड लाल का आहे? परवा पुन्हा भाजलं?"

तो स्वतःचा हात डोळ्यांजवळ नेतो. मीही वाकून बघतो. खरंच काळ्या डागाभोवती लालसर कड आहे. रांगेत तो हात त्यानं मला दाखवला तेव्हा मला ती दिसली नव्हती.

"खालचा डाग आणि हा, बरोबरच उठतात का?"

तो उत्तर देत नाही. मनातल्या मनात ज्वारी, हरभरा, सोयाबीन मोजतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय. "हाव," तो हळूच म्हणतो. "बरोबरच."

"परवा हे उठलं. त्याआधी काय खाल्लं होतं? जेवण नाही विचारत. गोळी."

"गोळी? पोटाची खाल्ली. ढाळ लागले हुते."

"बाहेरगावी मशीन नेलं की ढाळ लागतात?"

"दर बारीला. जागोजागचं पाणी, मॅडम. कुठं हिरीचं, कुठं टँकरचं. मेडिकलवाल्यानंच सांगितलं, पाकीट सोबत ठेवत जा. डब्यात पान्यासंगं पाकीट आसतंच."

तरुण डॉक्टरनं लिहायचं थांबवलंय.

"नाव काय गोळीचं?"

नाव माहीत नाही. मॅडम म्हणतात, मग विचारा. तो भागीदाराला फोन लावतो. पलीकडं मळणीचा घरघराट, भागीदार ओरडतोय, हा इकडून ओरडतोय: मशीन बंद कर, डबा उघड, पोटाच्या गोळ्याचं पाकीट काढ, त्याच्यावर बारीक काय लिवलंय ते वाच. भागीदाराला इंग्रजी शब्द जमत नाहीत, तो एकेक अक्षर सांगतो, तरुण डॉक्टर कागदावर उतरवतो. ओ, एफ, एल, ओ. पुन्हा ओ, आर, एन, आय. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. एका गोळीत दोन औषधं.

"काय झालं रं? कुणाला ढाळ लागले?" भागीदार विचारतोय.

"कुणाला नाई, ठेव."

मॅडम खुर्चीवर बसतात आणि त्यालाही बसायला सांगतात. "दादा, हा संसर्ग नाही. हा बाहेरून आणलेला आजार नाही, कुणाकडून आलेला नाही आणि तुमच्याकडून कुणाला जाणार नाही. ही गोळीची रिअ‍ॅक्शन आहे. काही माणसांच्या कातडीत ती ठरावीक जागी बसते. शेतात हरळी असते ना? वरून खुरपली तरी मूळ राहतं, पाणी पडलं की तिथंच फुटते. तुमच्या या दोन जागांच्या कातडीत त्या औषधाची ओळख धरलेल्या पेशी राहिल्यात. औषध पोटात गेलं की त्या तिथंच उठतात. गोळी नाही, तर डाग उठणार नाही."

बाहेर गेला की उठतो, हे बायकोचं निरीक्षण बरोबर होतं. तिनं काही खोटं धरलं नव्हतं. बाहेर जाणं आणि डाग यांच्यामधे ढाळाची गोळी होती, आणि ती कुणी विचारलीच नव्हती.

मॅडम आता तरुण डॉक्टरकडं वळल्यात, पण आतेभावालाही ऐकू जाईल असं बोलतायत. ही रिअ‍ॅक्शन पहिल्यांदा १८८९ साली अँटिपायरिन नावाच्या तापाच्या औषधानं झालेली नोंदली गेली. पुढं १८९४ साली पॅरिसच्या ब्रॉक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं तिला नाव दिलं. आज ती करणारी औषधं कुठली? आमांशाची मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सल्फाच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिन, अंगदुखीच्या गोळ्या, कधीकधी साधं पॅरासिटामॉलसुद्धा. जागा कुठल्या? ओठ, हात, आणि गुप्तांग. अर्ध्या तासात उठते, नाहीतर दिवस-दोन दिवस लावते. पुरुष आला, मुंडावर एकच काळा डाग, पुन्हा पुन्हा तिथंच उठतो म्हणाला, की औषधाचं विचारल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. आणि पेशंट पोटाच्या गोळीला औषध म्हणतच नाही, तेव्हा 'औषध चालू आहे का' असं विचारून भागत नाही.

"दोन्हीतली कुठली गोळी नडते?" आतेभाऊ विचारतो. आता तो टेबलावर पुढं झुकलाय.

"ते आज सांगता येणार नाही. नक्की ठरवायचं तर हे पूर्ण बसल्यावर, काही आठवड्यांनी, इथं आमच्या डोळ्यांसमोर थोडं थोडं औषध देऊन बघावं लागतं. घरी स्वतः खाऊन बघायचं नाही. दर वेळी डाग वाढतात, तुम्हालाच दिसलंय. काही जणांच्या अंगभर फोड येतात, ते जिवावर बेततं. तोवर दोन्ही बंद, आणि त्यांच्या जवळच्या गोळ्याही बंद. ढाळ लागले तर ओआरएसचं पाणी प्या. बहुतेक ढाळांना एवढंच लागतं. रक्त पडलं, ताप आला, तर डॉक्टरकडे जा आणि आधी हे सांगा."

मग त्या पिशवीतल्या ट्यूब टेबलावर मांडतात. सगळ्या एकाच कुळातल्या: एक कडक स्टेरॉइड, त्यात बुरशीचं औषध, त्यात जंतूंचं औषध. १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं २०१८ साली केंद्र सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंद केली. त्वचारोगतज्ज्ञांची देशभरची संघटना त्यासाठी भांडत होती. कागदावर बंद आहेत. मॅडम जांघेतल्या कातडीवर पडलेल्या पांढुरक्या रेघांबद्दल त्याला सांगतात: त्या या ट्यूबांच्या आहेत, आजाराच्या नाहीत, आणि त्या आता जाणार नाहीत.

"आणि काळा डाग?"

"महिने जातील. फिका होईल, कदाचित थोडा राहील. तो घालवायला काही लावू नका. आत्ताची आग आठ-दहा दिवसांत बसेल."

तो सुटकेनं उठायला लागतो. मॅडम आणखी एक कागद पुढं सारतात: गरमीची रक्ततपासणी, शुगर, आणि एचआयव्हीच्या चाचणीसाठी आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राची चिठ्ठी.

त्याचा चेहरा पडतो. "मॅडम, गोळीचं हाय म्हणलात ना? मंग हे कामून? मी तसलं काई केलं नाई."

"तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. इथं या जागेच्या डागाला आलेल्या प्रत्येकाला आम्ही ही तपासणी सुचवतो. रक्तात काही नाही हे कागदावर आलं की तुम्हालाही बरं वाटेल. एचआयव्हीची तपासणी तुमची संमती असल्याशिवाय कुणी करणार नाही, तो कायदा आहे. नको असेल तर नको म्हणा."

तो माझ्याकडं बघत नाही. स्वतःच म्हणतो, "करून टाका."

आम्ही व्हरांड्यातून चालतोय. सुरक्षा क्लिनिकची पाटी लागते. इथं लैंगिक आजारांची औषधं रंगांच्या डब्यांतून फुकट मिळतात: स्रावाला करड्या रंगाचा डबा, गरमीच्या जखमेला पांढरा, नागीणीसारख्या फोडांना लाल. पाटीखालच्या बाकावर एक तरुण एकटाच बसलाय, रुमालानं अर्धं तोंड झाकून. मला त्याच्याविषयी लिहायचंच आहे. आतेभावाचा डाग गोळीचा निघाला म्हणून तो निर्दोष सुटला, असं आमच्या घरात लोक म्हणतील, आणि ते मला मान्य नाही. गरमी निघाली असती तरी त्याला याच उजेडात, याच आवाजात तपासलं जायला हवं होतं. ती सुरुवातीच्या टप्प्यात असली तर पेनिसिलिनच्या एका खेपेत बरी होते. न बघता चोळलेल्या ट्यूबखाली ती वर्षानुवर्षं आत मुरत जाते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचते. त्या बाकावरच्या मुलानं इथवर यायला जे धैर्य केलंय, ते माझ्या भावापेक्षा कमी नाही.

आयसीटीसीत समुपदेशक दार लावून घेतो. या वेळी मला बाहेर थांबायला सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे.

व्हरांड्यात माझ्या शेजारी साठीकडं झुकलेल्या एक मावशी टेकल्यात, सोबत त्यांची सून. सून चिठ्ठी उलटसुलट करून बघते आणि शेवटी माझ्याकडं देते. "भाऊ, एवढं वाचून सांगता का? रोज लावायचं का दिवसाआड?"

मी वाचतो. क्लोबेटासोल मलम, वाटाण्याएवढं, महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. वर निदान लिहिलंय: लायकेन स्क्लेरोसस.

"कोड नव्हं म्हणल्या डॉक्टरीणबाई," सून सांगते, जणू हे आधी कुणालातरी सांगणं गरजेचं आहे. मावशी पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघतात. पाळी गेल्यापासून खाज आहे, पांढरी पडलीय, रात्री उठून बसतात. गावात कुणीतरी कोड म्हणालं, तेव्हापासून त्यांनी लग्नाकार्यात पुढं होणं सोडलं. पोरीच्या दिराचं ठरत होतं, आपल्यावरून मोडायला नको म्हणून. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पलंगावर झोपवून बघितलं. एका कोपऱ्यात कातडी जाड लागली, म्हणून तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पुढच्या आठवड्याची तारीख मिळालीय. या आजारात फार थोड्या जणींना पुढं कर्करोग होतो. तो वेळेत दिसावा म्हणून औषध चालू ठेवायचं आणि ठरावीक दिवसांनी दाखवत राहायचं.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, त्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी कधीतरी तपासल्या गेलेल्या होत्या फक्त ८ टक्के. या मावशी तेव्हा तरण्या होत्या. त्यांच्या गावात तसं कुणी आलं नाही.

आतेभाऊ बाहेर येतो, दंडाला कापसाचा बोळा दाबून. सुनेला मी चिठ्ठी परत देत असताना त्याची नजर त्या चिठ्ठीवर पडते. मेडिकलवाल्याच्या ट्यूबवरचं क्लोबेटासोल हे नाव त्याला एव्हाना पाठ झालंय.

"ते तर मला बंद करा म्हणल्या," तो मला बाजूला घेऊन म्हणतो. "त्यांना कामून देल्या?"

मी त्याला सांगतो की मावशींच्या आजारावर हेच औषध आहे, यापेक्षा चांगलं दुसरं नाही. त्याच्या आजारावर ते औषधच नाही. मलमात खोट नव्हती. ते त्याला न बघता दिलं गेलं. तो मान हलवतो, पण पटलेलं दिसत नाही. ट्यूबवरचा त्याचा राग इतक्यात जाणारा नाही.

एचआयव्हीचा अहवाल अर्ध्या तासात येतो, निगेटिव्ह. गरमीचा दुपारी, तोही निगेटिव्ह. शुगर ठीक. मॅडम कागदांवरून नजर फिरवतात आणि एका जाड कागदाच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, दोन औषधांची नावं लिहितात, खाली त्यांच्या कुळातली आणखी चार. "हे पाकिटात ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे, मेडिकलवर, दात काढायला गेलात तरी, तोंड उघडायच्या आधी हे दाखवा. याचा मोबाइलवर फोटो काढा. घरच्यांकडेही एक ठेवा."

मग तरुण डॉक्टर एक फॉर्म भरायला घेतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम देशात २०१० पासून चालतो, सगळे फॉर्म शेवटी गाझियाबादला जमा होतात. डॉक्टर नसला तरी रुग्णाला स्वतः कळवता येतं, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे. वय, वजन, गोळी कधी घेतली, डाग कधी उठला, गोळी बंद केल्यावर बसला का, पुन्हा घेतल्यावर पुन्हा उठला का.

"माझं नाव जाईल का वर?" आतेभाऊ विचारतो.

"नाव नाही. फक्त आद्याक्षरं."

"मंग लिवा. तीन डाव उठलं म्हणून लिवा. ज्वारीला, हरभऱ्याला आन् आता."

तारखा त्याला सांगता येत नाहीत, सुगी सांगता येते. तरुण डॉक्टर महिने काढून लिहितो.

गंगाखेडची एसटी लागायची आहे. स्टँडवर तो घरी फोन लावतो, मी पाण्याची बाटली घेऊन येतो तोवर त्याचं अर्धं सांगून झालंय. गोळी, ढाळ, हात, खाली, दोन्ही एकदमच. रक्ताचे कागद. मधे तो गप्प होतो, बायको काहीतरी विचारतेय.

"हाव, तुलाबी बोलीवलंय," तो म्हणतो. "तुला जे इचारायचं हाय ते तूच इचार मॅडमला. गुरवारी. मी मशीन लोह्यावरून हलवून येतो." पुन्हा गप्प. मग: "घरात? कुठं? पोराच्या दप्तरापाशी? आगं त्याला बी ढाळ लागले की हीच देतीस का काय? नगं देऊ. टाकू नगं, नाव वाचून दाव आधी. वाच, एकेक अक्षर वाच."

तो खिशातून जाड कागद काढून मला धरायला देतो, आणि ती तिकडून वाचत असलेली अक्षरं त्यावर बोट ठेवून जुळवत बसतो.